परळचे अकरा दिवस

आमच्या कऱ्हाड-पाटण भागातल्या माणसाला पूर्वी परळ म्हटले की गिरणी आठवायची. घरटी एखादा तरी माणूस तिकडे साच्यावर असायचा. माझे थोरले चुलते 1982 च्या संपापर्यंत परळच्या एका गिरणीत कामाला होते. त्यांच्या खोलीवर मी लहानपणी आठ दिवस राहिलो होतो. पहाटेचा भोंगा, जिन्यावरची चपलांची खडखड आणि खानावळीच्या डब्यातली पातळ आमटी एवढेच आता आठवते. तो भोंगा बंद पडला. गिरण्यांच्या जागी काचेच्या उंच इमारती आल्या. पण गावाकडच्या माणसाचे परळला जाणे काही थांबले नाही. आता तो दवाखान्यासाठी जातो.

2023 च्या ऑक्टोबरात मीही असाच गेलो. त्याच चुलत्यांचे थोरले चिरंजीव, आमचे दादा, यांना घेऊन. सोबत वहिनी होत्या. दादांचे वय त्रेसष्ट. पाच एकर बागायत, निम्मा ऊस, निम्म्यात सोयाबीन. तंबाखूची सवय वयाच्या पंधराव्या वर्षापासून.

त्यांची डाव्या बाजूची खालची दाढ हलत होती. तालुक्याच्या गावी एका ठिकाणी ती काढून घेतली. जखम आठवड्यात भरायला हवी होती, ती दोन महिने भरली नाही. मग खालचा ओठ एका बाजूला बधिर वाटू लागला. भाकरीचा घास तोंडात जाईना. कऱ्हाडच्या एका दंतवैद्यांनी तोंडात पाहिले आणि दुसऱ्या मिनिटाला चिठ्ठी लिहिली. ते म्हणाले, “इथे वेळ घालवू नका. जबड्याचे ऑपरेशन लागेल असे दिसते. टाटाला जा.”

ओगलेवाडीच्या स्टेशनवर रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरली. उजाडता दादरला उतरलो. दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे सोय झाली. दवाखान्यात येणाऱ्या गोरगरिबांनी उघड्यावर झोपू नये, ही बाबांची तळमळ. ती अजून चालू आहे हे पाहून बरे वाटले. तरीही टाटाच्या आसपासच्या फूटपाथवर पथारी टाकून राहिलेली कुटुंबे दिसतातच.

परळचा तो भाग म्हणजे दवाखान्यांचे गाव आहे. 1926 साली सुरू झालेले केईएम, लहान मुलांचे वाडिया, सापाच्या विषावरच्या लसीमुळे आपल्याला नावाने ठाऊक असलेली हाफकिन संस्था, सगळे हाकेच्या अंतरावर. जनावरांचे डॉक्टर घडवणारे 1886 सालचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही इथलेच. आणि मधोमध टाटा मेमोरियल. 28 फेब्रुवारी 1941 रोजी ते टाटांच्या विश्वस्त निधीतून सुरू झाले. 1957 मध्ये सरकारकडे आले आणि 1962 पासून अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत आहे. फाटकातून आत गेलो की आसामपासून बिहारपर्यंतची माणसे एका बाकावर दिसतात. हातात प्रत्येकाच्या एक फाइल.

दादांची समजूत अशी होती की सोमवारी दाखवायचे, मंगळवारी ऑपरेशन आणि रविवारी घरी. गावाकडे बहुतेकांची हीच समजूत असते. पहिल्या दिवशी नाव नोंदवून कार्ड व फाइल मिळाली. डॉक्टरीण बाईंनी तोंडात उजेड टाकून पाहिले, गालाच्या आतून बोट फिरवले, जबड्याखाली आणि मानेला गाठी आहेत का ते चाचपले. मग कागदावर तपासण्यांची एक लांबलचक यादी लिहून दिली. यादी पाहून दादांचा चेहरा उतरला. “एवढं कशाला? रोग तर डोळ्यांना दिसतोय!”

त्या यादीतले एकेक काम काय असते आणि ते कशासाठी, हे मी त्या अकरा दिवसांत विचारून विचारून समजून घेतले. ते इथे लिहितो. कोणावर वेळ आली तर उपयोगी पडेल.

पहिले काम तुकडा तपासणीचे. जागा बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. टोचताना मुंगी चावल्यासारखे दुखते, मग काही कळत नाही. मसुराएवढा तुकडा काढून घेतात. थोडे रक्त येते, कापसाचा बोळा दाबून ठेवला की थांबते. “हत्यार लागलं की रोग पसरतो” असे धर्मशाळेत एकाने दादांना सांगितले होते. डॉक्टरीण बाईंनी स्पष्ट सांगितले की ही भीती खोटी आहे. तुकड्यावाचून रोगाचे नाव कळत नाही आणि नाव कळल्यावाचून उपचार ठरत नाही. तुकडा आधीच दुसरीकडे काढला असेल, तर नुसता अहवाल नेऊन भागत नाही. त्या तुकड्याचा मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्याही मागून घेऊन जाव्यात. इथले डॉक्टर त्या पुन्हा पाहतात. या तपासणीच्या अहवालाला काही दिवस लागतात. घाई करून उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी रक्त. चार-पाच छोट्या नळ्या भरताना पाहून वहिनी घाबरल्या. सगळ्या मिळून रक्त असते तीन-चार चमचे. त्यातून पुष्कळ गोष्टी कळतात. रक्त किती आहे, ते गोठते कसे, साखर किती, मूत्रपिंड व यकृत काम करते का, रक्तगट कोणता, कावीळ किंवा एचआयव्हीसारखा संसर्ग आहे का. जबड्याला रक्ताचा पुरवठा मोठा असतो. ऑपरेशनमध्ये रक्त जाणार हे धरूनच चालावे लागते. म्हणून रक्तगट जुळवून रक्ताची तयारी आधी ठेवतात. कोणी रक्त पातळ करण्याची गोळी घेत असेल, गावच्या वैद्याची पुडी घेत असेल, तर ते लाजेने लपवू नये. आणि कोणतीही गोळी आपल्या मनाने बंदही करू नये. ते डॉक्टरांना ठरवू द्यावे.

त्याच दिवशी जबड्याचा गोल एक्स-रे झाला. याला ओपीजी म्हणतात. यंत्रासमोर उभे करतात, हनुवटी एका पट्टीवर टेकवतात, पुढच्या दातांत छोटी काडी धरायला देतात आणि यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारते. पाव मिनिटाचे काम, दुखत काहीच नाही, फक्त हलायचे नाही. एका चित्रात वरचा-खालचा सगळा जबडा आणि दातांची मुळे पसरून दिसतात. दादांच्या डाव्या जबड्यात हाड वाळवी लागल्यासारखे दिसत होते. ओठ बधिर का झाला तेही तिथे कळले. ओठाला जाणीव देणारी शीर खालच्या जबड्याच्या हाडातूनच जाते. मग छातीचा एक्स-रे आणि हृदयाची पट्टी म्हणजे ईसीजी. दोन्ही सोपी कामे.

तिसऱ्या दिवशी रक्ताचे कागद हाती आले. हिमोग्लोबिन नऊ आणि साखर तीनशेच्या वर. दादांना मधुमेह आहे हे आम्हा कोणालाच माहीत नव्हते. त्यांनी आयुष्यात कधी रक्त तपासले नव्हते. तिथल्या औषधांच्या डॉक्टरांनी समजावले, “या साखरेवर ऑपरेशन केले तर जखम भरणार नाही, पू होईल. आधी ही ताब्यात आणू.” गेल्या तीन महिन्यांत साखर सरासरी किती होती, तेही रक्ताच्या एका तपासणीत कळते. ती केली, औषध सुरू झाले. घास जात नसल्याने अंगात ताकद राहिली नव्हती. आहार सांगणाऱ्या बाईंनी डाळीचे घट्ट पाणी, अंडे, दही, पातळ केलेली खिचडी दिवसातून सहा वेळा द्यायला सांगितली.

त्या संध्याकाळी मी दादांना म्हणालो, “आज तपासणी झाली नसती तर?” दादा काही बोलले नाहीत. पण त्यांना माझे एक जुने बोलणे आठवले असावे. मी शेती विस्ताराच्या नोकरीत आहे. माती न तपासता खत टाकू नका, हे सांगून माझा घसा बसला. शेतात नागमोडी फिरून दहा-बारा ठिकाणी खड्डा घ्या, बांधाजवळची आणि उकिरड्याजवळची माती घेऊ नका, सगळी एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो राहीपर्यंत तसेच करा. दादा दर वर्षी ऐकायचे आणि हसायचे. “माती बघून कळतीया मला,” म्हणायचे. त्यांच्या रानाची माती एकदाही तपासून झाली नाही.

चौथ्या दिवशी सीटी स्कॅन. गोल एक्स-रेत हाड दिसते, पण मांस आणि मानेतल्या गाठी दिसत नाहीत, त्यासाठी हा. काही तास उपाशी राहायला सांगतात. शिरेतून एक औषध सोडतात, त्याने सगळ्या अंगातून गरम लाट गेल्यासारखी वाटते. ती मिनिटभरात ओसरते, घाबरायचे नाही. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून रक्ताचा तो अहवाल आधी पाहतात. पूर्वी कधी औषधाने अंगावर पित्त उठले असेल तर ते आधीच सांगावे. काही रुग्णांना याऐवजी किंवा याबरोबर एमआरआय सांगतात. त्यात अंगावर धातूची वस्तू चालत नाही आणि यंत्राचा आवाज ठणठणाटी असतो. आत कुठे लोखंडी सळई किंवा पट्टी बसवलेली असेल तर तेही सांगावे.

पाचवा, सहावा दिवस नुसता वाट पाहण्यात गेला. तुकड्याचा अहवाल यायचा होता. मधे रविवार आला. गावाहून फोन आला की सोयाबीन वाळले, शेंगा तडकायला लागल्या, मजूर मिळत नाहीत. रात्री मी हात धुऊन आलो तो दादांनी पिशवी भरून ठेवली होती. “तात्या, उद्या सकाळच्या गाडीनं जातो. सोयाबीन काढतो, दिवाळी करतो आन् मग येतो. हितं बसून काय हुतंय? रोज एक कागुद!”

मी पुष्कळ सांगितले. ऐकेनात. वहिनी भिंतीकडे तोंड करून बसल्या.

शेजारच्या पथारीवर विदर्भातली एक बाई होती. आमचे बोलणे तिने ऐकले. ती म्हणाली, “भाऊ, आमचे हे बी असेच गेले होते. तीन तपासण्या झाल्या अन् कापूस वेचायला गेले. आले चार महिन्यांनी. आता डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन होत नाही. गाठ लई मागं गेली.” एवढेच बोलून ती नवऱ्यासाठी पाणी गरम करायला उठली. दादा पिशवीवर हात ठेवून बराच वेळ तसेच बसले. सकाळी पाहिले तर पिशवी रिकामी करून खुंटीला टांगली होती. मी पुतण्याला फोन करून हार्वेस्टरवाल्याशी बोलायला सांगितले.

आठव्या दिवशी अहवाल आला. जे वाटत होते तेच निघाले. मग सगळे कागद, चित्रे घेऊन निरनिराळ्या विषयांचे डॉक्टर एकत्र बसले. ऑपरेशन करणारे, किरणांचे उपचार देणारे, औषधे देणारे. एकट्या माणसाचा निर्णय नसतो. छातीत काही पसरलेले नव्हते, ऑपरेशन होण्यासारखे होते. डावीकडचा जबड्याचा तुकडा काढायचा, मानेतल्या गाठी काढायच्या, आणि पायातले हाड घेऊन जबडा पुन्हा बांधायचा असे ठरले.

“पायातलं हाड तोंडात?” दादा उठून उभेच राहिले. “मग मी बांधावर चालू कसा?”

नवव्या दिवशी प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरांनी पाय तपासला. गुडघ्याखाली दोन हाडे असतात. जाड हाड अंगाचा भार घेते. बाहेरच्या बाजूचे बारीक हाड फारसा भार घेत नाही. त्यातला मधला तुकडा रक्तवाहिनीसकट काढतात, घोट्याजवळचा आणि गुडघ्याजवळचा भाग ठेवतात. पाय काही दिवस दुखतो, पुढे माणूस चालतो. मात्र पावलाकडे रक्त नेणाऱ्या तीन वाहिन्यांपैकी एक यात जाते. म्हणून उरलेल्या दोन नीट वाहतात की नाही, हे आधी पाहतात. पायावर थंडगार मलम लावून छोटे यंत्र फिरवले. आतले रक्त वाहतानाचा फस-फस आवाज आम्हीही ऐकला. पायाची रक्तवाहिनी मानेतल्या रक्तवाहिनीला बारीक टाक्यांनी जोडतात, तरच ते हाड जगते.

दादांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हंजे कलमच की. सालीला साल जुळली तर जगायचं.” डॉक्टर मराठी होते. ते हसले आणि म्हणाले, “अगदी तसंच, काका.”

दहाव्या दिवशी भुलीच्या डॉक्टरांची तपासणी. ही जबड्याच्या रुग्णाला फार महत्त्वाची. एरवी भूल देताना श्वासाची नळी तोंडातून घालतात. इथे ऑपरेशनच तोंडात, शिवाय तोंड उघडत नाही. म्हणून नळी बहुधा नाकातून घालावी लागते, कधी गळ्याला तात्पुरते भोक पाडून श्वासाची वाट करावी लागते. त्यासाठी तोंड किती उघडते, मान मागे किती वळते, कोणते दात हलतात, नाकाची कोणती बाजू मोकळी आहे, सगळे पाहतात. दम लागतो का, पूर्वी भुलीचा त्रास झाला का, घोरता का, हे विचारतात. हृदयाची सोनोग्राफी गरज वाटली तर सांगतात. दादांना श्वास ओढून तीन छोटे चेंडू वर उचलण्याचे एक साधन दिले आणि रोज सराव करायला सांगितले. ऑपरेशननंतर फुप्फुसात कफ साठू नये म्हणून. त्याच दिवशी दाताच्या डॉक्टरांनी किडलेले दात पाहिले. पुढे किरणांचे उपचार लागले तर त्यानंतर दात काढणे जोखमीचे असते, म्हणून खराब दात आधीच काढतात.

तोंड किती उघडते हे पाहण्याची रीत सोपी आहे. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या व खालच्या दातांत जायला हवीत. दादांचे दीड बोट गेले. मी गमतीने माझे करून पाहिले. तिसरे बोट जाईना.

भुलीच्या बाईंनी ते पाहिले. म्हणाल्या, “तुम्ही खाता का?”

मी मान खाली घातली. वीस-बावीस वर्षे मी बांधाबांधाने हिंडलो. शेतकऱ्याजवळ बसलो की आधी चंची सुटायची, चुना मळायचा, मग मातीचे बोलणे निघायचे. त्याने हात पुढे केला तर नको कसे म्हणायचे, असे मी स्वतःला सांगत आलो. राज्यात 2012 मध्ये गुटखा बंद झाला तेव्हा मी सभेत त्यावर बोललोही होतो, आणि सभा संपल्यावर मागे जाऊन चिमूट लावली होती. दादांची आणि माझी चंची कित्येकदा एकच असायची. बाईंनी मला दुसऱ्या खोलीत तोंड दाखवायला पाठवले. गालाच्या आत पांढरा डाग निघाला. आज तो रोग नाही, पण सोडले नाही तर होऊ शकतो, तीन-तीन महिन्यांनी दाखवायला या, असे सांगितले. डबी मी तिथल्या कचऱ्याच्या पेटीत टाकली. टाकणे सोपे होते, पुढचे दोन महिने अवघड गेले.

अकराव्या दिवशी तारीख मिळाली, सोळा दिवसांनंतरची. साखर तोवर ताब्यात यायची होती. आम्ही घरी आलो. सोयाबीन बहुतेक घरात आले होते, दादांनी राहिलेले काढून घेतले आणि ठरल्या दिवशी आम्ही परत परळला गेलो. ऑपरेशन नऊ तास चालले. त्या आधीच्या रात्री दादांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. काय होणार आहे ते त्यांना सगळे माहीत होते.

आमचे अकरा दिवसांत झाले, कोणाला जास्त लागतात. प्रत्येकाला सगळ्या तपासण्या सांगतीलच असेही नाही. गाडीवरून पडून किंवा बैलाने मारून जबडा मोडला तरी रक्त, एक्स-रे, स्कॅन आणि भुलीची तपासणी होतेच. त्यासाठी मुंबईच गाठायला हवी असे नाही. मुंबईसारखीच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. कर्करोगासाठी नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि बार्शी इथेही रुग्णालये आहेत. जाताना आधारकार्ड, रेशनकार्ड, जुने सगळे कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घ्यावीत. महात्मा फुले योजनेबद्दल आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारावे. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत सवलत असते, तिचा फॉर्म रुग्णालयातून मिळतो. सोबत लिहिता-वाचता येणारा एक माणूस असावा आणि त्याने तारखा वहीत टिपाव्यात. तंबाखू सोडायची असेल तर 1800-11-2356 या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. मी तो घेतला आहे.

दादा आता काठी न घेता रानात जातात. बोलणे थोडे बोबडे झाले आहे, भाकरी दुधात कुस्करून खातात. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी आपल्या हाताने खड्डे घेऊन मातीचा नमुना माझ्याकडे पाठवला. चिठ्ठीवर गट नंबर लिहायला विसरले होते, तो मी घातला.

मी अजून गावोगाव बैठका घेतो. मातीचा नमुना कसा घ्यावा हे सांगून झाले की सगळ्यांना तीन बोटे तोंडात उभी धरायला सांगतो. माणसे हसतात, बायका पदराआड करून पाहतात. एखाद्याची बोटे जात नाहीत. तो हसायचा थांबतो. बैठक संपल्यावर मी त्याच्या शेजारी जाऊन बसतो. तोंडात तीन आठवडे न भरलेली जखम, पांढरा-लाल डाग, कारण नसता हलणारा दात, बधिर ओठ यांतले काही आहे का, ते विचारतो. असेल तर कोणत्या दवाखान्यात जायचे ते लिहून देतो, आणि तपासण्या अर्ध्यावर सोडून येऊ नको, एवढे सांगतो.